गच्चीवरून खग्रास

गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, आणि दादांनी ते आठ दिवस आधीपासून डोक्यात घेतलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. नेवाशात स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. चाळीस वर्षं तो त्यांनी चालवला, आता मी चालवते. स्टुडिओ म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. आत चालतं ते पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं. लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्या पोरांनी कधीच पळवल्या.

दादांना काचबिंदू होता. कळला तेव्हा उजवा डोळा गेलेलाच होता आणि डाव्यात एखाद्या नळीतून बघावं तेवढं मधलं मधलं दिसत होतं. नगरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. तो 'टिकेल' मी धरून बसले. सकाळी आठ आणि रात्री आठ. दोन बाटल्या. पहिल्या बाटलीचा थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या बाटलीचा. मोबाईलला गजर लावलेला. दोन वर्षांत माझी एक वेळ चुकली नाही. लग्न मोडून मी माहेरी आले त्याला नऊ वर्षं झाली. नेमाने करावं आणि त्याचं काही फळ दिसावं असं माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. तेव्हा हे मी कुणाला बोलून दाखवलं नसतं.

फळ दिसतही होतं. सकाळी चहा घेताना दादा माझ्याकडे बघून म्हणायचे, "आज निळा ड्रेस का?" आणि असायचाच निळा. मी हे डॉक्टरांनाही फोनवर सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, छान, पण तपासणीला घेऊन या. दादा तयार नसायचे. दिसतंय तर त्या मशीनमधी तोंड कशाला घालू, असं त्यांचं म्हणणं. मीही फार ताणलं नाही. मशीन काय सांगेल याची भीती मलाही होती, ती मी कामाच्या नावाखाली झाकली.

ग्रहणाचा फोटो त्यांच्याकडून राहून गेला होता. त्यांच्या उमेदीच्या काळात कॅमेऱ्यातला रोल गिऱ्हाइकाचा असायचा. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा. त्यातला एक फोटो चंद्रावर घालवायची त्यांची छाती झाली नाही. "आता तर रोलच न्हाई," ते म्हणाले. "हजार काढ." त्यांच्यासाठी तो राहिलेला फोटो होता. माझं वेगळंच होतं. मला ग्रहणाचं काही पडलं नव्हतं. दादांना चंद्र दिसतो का, एवढं मला बघायचं होतं. चंद्र दिसला म्हणजे थेंब लागू पडले, असं मी मनाशी धरून चालले होते.

पेपरात वेळा आल्या होत्या त्या त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतल्या. स्पर्श दहाला तीन मिनिटं कमी असताना. अकरा वाजता पूर्ण झाकणार. बारा बावीसला सुटायला लागणार. दीडच्या आत मोक्ष. शेजारी शनी दिसेल असंही लिहिलं होतं. "म्हणजे शिंगणापूरला जायला नको," मी म्हटलं. "गच्चीतच दर्शन." आई देवघरासमोर बसली होती, तिला हे आवडलं नाही. शनीची थट्टा आमच्या भागात कुणी करत नाही.

त्या दिवशी घर आईच्या ताब्यात होतं. दुपारी एकच्या आत जेवणं उरकली, कारण पुढे वेध. पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं पडली. बर्फातही टाकतेस का, असं मी विचारलं, तर तिने मला फ्रीजसमोरून बाजूला सारलं. संध्याकाळी ती दादांना म्हणाली, "तुमाला चालतं. लेकरं, म्हातारी आन आजारी मानसं यान्ला वेध न्हाईत. दोन घास खाऊन घ्या."

"आजारी कोन हाय?" दादा म्हणाले.

ते उपाशी राहिले. आठचा गजर झाला तेव्हा मी बाटली घेऊन आईकडे बघितलं. ती म्हणाली, "घाल घाल. थेंब काय पोटात जात न्हाईत." हा निर्णय तिने कुठल्या शास्त्रातून काढला ते तिलाच ठाऊक.

साडेनऊला आम्ही गच्चीवर गेलो. जिना लोखंडी आहे. दादांनी एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवला होता. आई खालीच थांबली, तिने जप धरला होता. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बंद होत्या. पावसाळ्याचे दिवस असूनही आभाळ बऱ्यापैकी मोकळं होतं. मी तिपाईवर कॅमेरा लावला, मोठी लेन्स चढवली आणि दादांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"फोकस मी लावनार," ते म्हणाले. त्यांनी लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरवली आणि मग केसभर मागे आणली. शेवटच्या टोकाला फोकस कधीच नसतो, त्याच्या जरासा अलीकडे असतो, हे त्यांनी मला दहावीत असताना शिकवलं होतं. मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर चंद्रावरचे डाग कोरल्यासारखे स्पष्ट होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षं ज्या बोटांनी ते केलं त्या बोटांना डोळे लागत नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दहा वाजायला आले.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं. डाव्या बाजूनं, खालून."

"हां. खालून."

अशी मी त्यांना सगळं पुरवत होते. किती झाकला, कुठून झाकला, शनी कुठे आहे. मला वाटत होतं की आम्ही दोघं बघतोय आणि मी नुसती बोलतेय. कॅमेऱ्याच्या वायरचं बटण त्यांच्या हातात होतं. मी "हं" म्हटलं की ते दाबायचे. मधूनमधून वेळ विचारायचे. दहा वीस. दहा पस्तीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडून म्हटलं, "दादा, एस.टी. पकडायचीय का?" ते हसले.

अकरानंतर चंद्र पूर्ण झाकला आणि तांबूस झाला. आता फोटोला सेकंद, दोन सेकंद लागत होते, तेवढा वेळ ते तोंडाने आकडे मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "तू लहान असताना डार्करूममधी लाल बल्बाकडं टक लावून बसायचीस. मी म्हणायचो, कागदाकडं बघ, कागदावर मानूस उमटतंय, तर तू बल्बाकडंच."

"मला आठवतंय."

"लई गोड दिसायचीस," ते म्हणाले. ते असलं कधी बोलत नाहीत. मी उगीच तिपाईचा स्क्रू आवळला.

बारा वाजून गेल्यावर फोटो काळे यायला लागले. मला वाटलं माझंच काही चुकलं. मी वाकून आकडे बदलत राहिले, सेकंद वाढवले, चार केले, तरी काळं. स्क्रीनच्या उजेडाने डोळे दिपले होते. मग मी मान वर केली. नदीच्या बाजूने ढग येऊन सगळं आभाळ भरून गेलं होतं. चंद्र नव्हता, शनी नव्हता, एक चांदणी नव्हती. वारा पडला होता. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक.

चला दादा, संपलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"किती वाजले?" दादांनी विचारलं.

"बारा पंचवीस."

ते खुर्चीत पुढे सरकले, मान वर केली, आणि डावा डोळा बारीक केला. "सुटला," ते म्हणाले. "बघ, डाव्या अंगानं. कड कशी चमकायला लागली. घे, घे लवकर."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड ढगाकडे होतं, आणि चेहऱ्यावर बघणाऱ्या माणसाचे सगळे भाव होते. भुवया, ओठ, सगळं जागच्या जागी. आयुष्यभर दुसऱ्यांना "जरा हसा, जरा मान वर" म्हणत आलेला माणूस. त्यांना चेहरा कसा धरायचा ते शिकवावं लागत नव्हतं.

"हं," मी म्हटलं. त्यांनी बटण दाबलं.

मग आम्ही आणखी तासभर तिथे बसलो. मी थांबवलं नाही. ते म्हणायचे, आता पाव सुटला. आता निम्मा. मी हं म्हणायचे आणि ते ढगाचे फोटो काढायचे. दीड वाजता ते म्हणाले, "झाला बघ मोकळा," आणि उठले. जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला तर म्हणाले, "सोड, दिसतंय मला."

मोक्ष झाला की आमच्याकडे आंघोळ. आईने गॅसवर पाणी ठेवलं होतं आणि मोरीत हंडे रिकामे करत होती. दादा न्हाणीत गेले, दार लागलं, तांब्याचा आवाज सुरू झाला. मी आईजवळ उकिडवी बसले.

"आई, दादांना काहीच दिसत नाही."

तिने हंडा उपडा घालून ठेवला. "व्हय," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या दिवाळीपासनं. पनती लावाया गेले आन बोट भाजलं, तवाच म्हनले, संपलं गं."

"आणि माझ्या ड्रेसचा रंग?"

"मीच सांगते. चहा देताना, हळूच."

मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. म्हाताऱ्या आईबापांना मी सांभाळते, असं वर्षभर मला वाटत होतं. गिऱ्हाइकांनाही मी तसंच सांगायचे, जरा अभिमानाने. इकडे ते दोघं रोज सकाळी कुजबुजून मला सांभाळत होते.

"मला सांगायचं ना," मी म्हटलं. "तपासणी केली असती. दुसरा डॉक्टर बघितला असता."

"कशाला?" आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "गेलेलं येत न्हाई, हे तुझ्यासमोरच सांगितलं हुतं ना डाक्टरनी. ह्ये म्हनले, पोरगी घड्याळ लावून थेंब घालती. तिला कळलं तर तिच्याकडं काय राहील? घालू दे." मग ती उठली आणि भरायला नवा हंडा घेतला. "तू बी काय बोलू नको आता. म्हाताऱ्याला तेवढंच वाटतंय, की पोरीसाठी कायतरी करतोय."

मी आंघोळ करून पडले, झोप काही आली नाही. कितीदा तरी ठरवलं की सकाळी सरळ सांगून टाकायचं. दादा, मला कळलंय. थेंब बंद करू. त्यात शहाणपण होतं. आठ वाजेपर्यंत ते टिकलं.

आठला गजर झाला. दादा कॉटच्या कडेला येऊन बसले आणि रोजच्यासारखी मान मागे टाकून, दोन बोटांनी डाव्या डोळ्याची पापणी ताणून धरली. मी पहिल्या बाटलीचा थेंब टाकला. त्यांनी डोळा मिटला, मग उघडला, गालावर आलेलं पाणी उपरण्याने पुसलं.

"फोटो दाखव ना," ते म्हणाले.

रात्रीच मी सगळे फोटो मोबाईलवर घेतले होते. चांगले सात-आठ होते, खालून खाल्लेल्या चंद्राचे, दोन लाल. ते दाखवता आले असते. आजही मला सांगता येत नाही की मी तसं का केलं. मला पक्कं करून घ्यायचं होतं, की अजूनही कुठे वेडी आशा होती, की निव्वळ राग होता. मी ढगाचा फोटो लावला. नुसता काळा, एका कोपऱ्यात शेजारच्या खांबावरच्या दिव्याचा थोडा मळकट उजेड. मी तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

त्यांनी मोबाईल हातात घेतला, जवळ नेला, जरा लांब धरला. सवयीने अंगठ्याने काच पुसली. खूप वेळ बघत राहिले. आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"लई शार्प आलाय," दादा म्हणाले. "हा मोठा करून दुकानात लाव. काउंटरच्या मागं, समद्यान्ला दिसंल असा."

"लावते," मी म्हटलं.

पाच मिनिटं झाली होती. मी दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं, आणि त्यांनी मान मागे टाकली.