थोरल्यांचं ताट

आमच्या मामाने आयुष्यात एकच गोष्ट रचली, आणि ती अख्ख्या देशाच्या गळ्यात मारली.

ज्यांनी हा देश उभा केला ते थोरले साहेब ज्या घरात राहायचे, तिथे मामा माहिती सांगायला असतो. म्हणजे चपला बाहेर काढा, पलंगाला हात लावू नका, हे त्यांचं टेबल. थोरल्यांना त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण बोलतो असा, जणू दोघं एका ताटात जेवले.

एकदा शाळेची सहल आली. पोरांनी स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. मामाने वैतागून मोरीकडे बोट दाखवलं, "इथे बसून साहेब स्वतःचं ताट स्वतः घासायचे!" पोरं चिडीचूप. बाई गहिवरल्या. मग काय, मांजराला दुधाची चटक, येईल त्या सहलीला मामा तेच सांगू लागला. कोणीतरी ते भाषणात घातलं, भाषणातून ते पाठ्यपुस्तकात गेलं. घरोघरी आया पोरांवर ओरडू लागल्या, "त्यांनी देश चालवून ताट घासलं, तुला काय धाड भरलीय?" मामीनेही मामाला तेच ऐकवलं. तेव्हापासून स्वतः खणलेल्या खड्ड्यात मामा रोज जेवणानंतर आपलं ताट घेऊन उतरतो.

गेल्या महिन्यात एक म्हातारी आली. बाकीचे पुढे गेले, ती मोरीपाशीच उभी.

"दादा, साहेब खरंच ताट घासायचे?"

"पुस्तकात आहे आजी." मामा सरावाने म्हणाला.

"तसंच असेल मग." तिने मोरीच्या कठड्यावरून हात फिरवला. "माझी आई इथे भांड्यांना होती. म्हणायची, साहेबांचं ताट मी घासायचे. ते जेवले की ताट तसंच टाकून उठायचे. पण दाराशी थांबून विचारायचे, तू जेवलीस का? नाही म्हटलं तर ती बसेपर्यंत हलायचे नाहीत. आधी लोक कौतुकाने ऐकायचे. पुस्तकात ते ताट घासण्याचं आलं आणि आईला हसायला लागले. शेवटी मीच म्हटलं, पुरे आई आता तुझ्या थापा. त्यानंतर तिने साहेबांचं नाव काढलं नाही. गेली तशीच." मग हलकं हसून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं. म्हणजे मी बोलले त्यात चूक नव्हती."

खरं सांगावं तर त्याच्या डोक्यावरचा धोंडा तिच्या डोक्यावर जाणार. न सांगावं तर तिची आई कायमची थापाडी. ती फाटकापर्यंत गेली तेव्हा कुठे तो अनवाणी धावला.

"आजी, ते मी रचलंय. आई तुमची खरं बोलत होती."

ती पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि मी तिला गप्प केलं हो," एवढंच म्हणाली. मामा माफी मागू लागला तेव्हा हात वर करून तिने थांबवलं. "माझ्या कानात काय सांगता? मोरीपाशी उभे राहून सांगा."

दुसऱ्या दिवशी मामाने सांगितलं. सहलीचे मास्तर म्हणाले, "अहो, पण पुस्तकात..."

"ती थाप माझीच, मास्तर." पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांच्या दृष्टीने देश आज स्वतंत्र झाला.

संध्याकाळी त्याने मामीला सगळं सांगितलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मामी म्हणाली. "पुरुषमाणूस ताट घासतो आणि चार लोकांत सांगत नाही, असं कधी झालंय का? घासा आता." मग हसू आवरून तिने विचारलं, "लांबून आली होती ना हो ती? जेवली होती का?"

मामा ताट उचलून उभा राहिला. एवढं सगळं ऐकून घेतलं, पण तेवढं विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.