लवळ्याच्या उतारावर निसटलेला गिअर

घोटावड्याच्या कोंडिबा लोहाराचे वडील जन्मभर नांगराचे फाळ ठोकून त्यांना धार लावत राहिले. कोंडिबानं मात्र चार वर्षं लष्कराच्या मोटारखान्यात काढली आणि इंजिनं शिकून गावी परतला. मुळशी खोऱ्यात तेव्हा ट्रॅक्टर मोजकेच होते. बिघडला की सांगावा त्यालाच यायचा.

बासष्ट सालच्या वैशाखात लवळ्याच्या हैबतराव पाटलांनी त्याला बोलावलं. त्यांचा जुना ट्रॅक्टर मुरमाच्या ट्रॉलीसकट उतारावरून सुटून ओढ्यात कलंडला होता. चालवणारा सिद्धू हा मेंढरं राखणाऱ्या घरातला, स्टिअरिंग धरणारा त्यांच्यातला पहिलाच. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेल वाचवायला उतारावर त्यानंच गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा सोडला, असा निवाडा गावानं करून टाकला होता.

"म्या न्हाई काढला, आपसूक निसटला," सिद्धू दवाखान्यात ज्याला त्याला सांगत होता. ऐकतंय कोण?

बैल जुंपून ट्रॅक्टर वर ओढून आणलेला होता. कोंडिबानं क्लच पाहिला, तो ठीक होता. गिअरबॉक्सचं तेल फडक्यातून गाळलं, पण त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. झाकण उघडलं तर दातेही शाबूत. मग त्यानं तिसरा गिअर टाकून आतला दांडा बोटानं ढकलून पाहिला. दांडा सहज सरकला.

हा दांडा जागेवर धरायला एक पोलादी गोळी असते आणि तिला मागून स्प्रिंग रेटते. कोंडिबानं ती स्प्रिंग काढून तळहातावर घेतली, तर ती दबून पार आखूड झाली होती.

ती त्यानंच बसवलेली होती. मागल्या पेरणीला मूळची तुटली, पुण्यात मिळाली नाही, पाटलांची घाई. तेव्हा जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचा तुकडा कापून त्यानं वेळ मारून नेली होती. मागाहून बदलू म्हणाला आणि विसरला.

तुकडा खिशात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? पण तो तुकडा हातात घेऊन कोंडिबा पाटलांच्या ओसरीवर गेला. तिथं चार माणसं बसली होती.

"पाटील, सिद्धूनं गिअर काढला न्हाई. चूक माजी हाय."

"खुळा झालास का? कुणी इचारलं तुला?"

"कुणी न्हाई."

त्यानं सगळं सांगितलं. हैबतराव म्हणाले, "पुन्यांदा माज्या दारात पाय ठेवू नगंस."

"नवी स्प्रिंग बसवून जातो."

तीन दिवस पुण्यात हिंडून त्यानं अस्सल स्प्रिंग आणली, बसवली आणि भरली ट्रॉली घेऊन एकटाच त्या उतारावरून खाली गेला. गिअर जागचा हलला नाही. ट्रॅक्टर अंगणात लावून तो दवाखान्यात सिद्धूकडे गेला.

सिद्धूनं सगळं ऐकून घेतलं. "मामा, पाय काय माघारी येत न्हाई. पर माजी आय रोज इचारती, खरंच काढलास का रं? तिला सांगा."

कोंडिबानं घरी जाऊन सिद्धूच्या आईला, तुकाबाईला सांगितलं. म्हातारी नुसती उठून आत गेली.

पावसाळ्यानंतर सिद्धू कुबडी टेकत घोटावड्याला कोंडिबाकडं कामाला आला. आधी घासलेटात सुटे भाग धुऊ लागला, पुढं गिअरबॉक्स खोलू लागला. अकरा वर्षं दोघांनी बरोबर काम केलं. अस्सल भाग मिळेस्तोवर कोंडिबा ट्रॅक्टर उभा ठेवायचा. गिऱ्हाईक चिडून दुसरीकडं गेलं तरी.

तुकाबाई मात्र अखेरपर्यंत कोंडिबाशी बोलली नाही. त्याला ते रास्तच वाटायचं.