संकासूर मेला नाही तो खेळ

आमचा दशावतार म्हणजे जत्रा, देवळापुढचा मांडव आणि रात्रभर जागरण. त्यामुळे दिवसा अकरा वाजता खेळ करा असं विशेष शाळेच्या बाई सांगायला आल्या, तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "भर उन्हात संकासुराला भिणार कोण?"

"कोणी भिऊ नये म्हणूनच," बाई म्हणाल्या.

दिवे चालू, दारं उघडी, मृदंग हळू, झांज अजिबात नको. बघणाऱ्यांनी उठावं, फिरावं, ओरडावं, कोणी कुणाला गप्प करायचं नाही. आणि प्रत्येक नटाने आधी आपल्या खऱ्या चेहऱ्याने पुढे येऊन सगळ्यांदेखत सोंग चढवायचं. म्हटलं, आता संकासुराने चहापण विचारायचा काय प्रत्येकाला? मी खूप कुरकुरलो. पण आतून हरखलो होतो, कारण ताईला आणता येणार होतं.

ताई माझी मोठी बहीण. बोलत नाही, माणसांच्या गर्दीत थांबत नाही. मी तान्हा होतो तेव्हा, ती सहा वर्षांची असताना, आई तिला जत्रेत खेळ बघायला घेऊन गेली होती. वेद चोरणाऱ्या राक्षसाचं, संकासुराचं सोंग आमचे बाबाच करायचे. काळे कपडे, काळा मुखवटा, पांढरे डोळे, लोंबती लाल जीभ. तो रंगमंचावर आला आणि ताई उभी राहून किंचाळायला लागली. लोक खेकसले, आईने तिला उचलून घरी आणलं. पोर संकासुराला भ्याली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बाबा तिथूनच दशावतारी कंपनीबरोबर रेडी गावी पुढच्या खेळाला गेले, तिथे तापाने फणफणले आणि गेले. अग्नीही तिथेच दिला. मुखवटा कंपनीच्या पेटाऱ्यात राहिला. पुढे तोच माझ्या वाट्याला आला.

वीस वर्षं मी संकासूर करतोय. हजारो माणसं हसवली, पण माझ्या घरच्यांपैकी कुणीही ते बघितलेलं नाही. आईने पुन्हा कधी खेळाचं नाव काढलं नाही, आता ती नाही. बायको ताईला सोडून येऊ शकत नाही. उरली ताई. तिने एकदा मला बघावं, एवढीच माझी हाव होती. हसा हवं तर.

ताईची एक सवय आहे. जेवायला बसलं की ती शेजारच्या रिकाम्या जागेवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकते, दाराकडे बघते आणि मगच घास घेते. आम्ही कधी काही विचारलं नाही. विचारून सांगणार थोडीच!

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लख्ख ऊन होतं. कोणी डोलत होतं, कोणी टाळ्या पिटत होतं, बरेच जण आपापल्या तंद्रीत हुंकार देत होते. मी पुढे गेलो, म्हटलं, "हो बघा, हो मी आसय!" ताई पंख्याकडे बघत होती. मी मुखवटा चढवला, मागे नाडी बांधली, आणि हॉलमधले सगळे हुंकार हळूहळू एका सुरावर आले. पेटीवरच्या बुवांनी घाबरून हात उचलला. पेटी थांबली, तरी सूर चालूच राहिला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दिवसाढवळ्या, दारं सताड उघडी असताना!

मुखवट्याच्या भोकांतून मला ताई दिसली. ती आता पंख्याकडे बघत नव्हती.

खेळ पुढे सरकला. मी वेद चोरले, माझ्या मालवणी बडबडीवर लोक हसले. शेवटी विष्णू मला मारायला आला. तेवढ्यात ताई उठली आणि शांतपणे चालत वर आली. रंगमंचावरच्या बाकड्यावर तिने तीनदा ठोकलं, मग माझी बाही धरून मला तिथे बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

विष्णू गदा उचलून तसाच उभा. "आता काय करू रे?" तो पुटपुटला.

बाबांच्या वेळेपासूनचे बुवा जागेवरूनच मला म्हणाले, "तुझो बापूस बाकड्यार बसाच्या आधी असोच तीनदा ठोकायचो. हिका कोणी सांगल्यान?"

कोण सांगणार? आम्हालाच ठाऊक नव्हतं. ती घाबरलीय असं समजून मी मुखवटा काढला. म्हटलं, "ताये, मी गो!" तिने माझ्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मुखवटा हातात घेऊन आतल्या पोकळीत हात घालून चाचपला. आणि तो परत माझ्या तोंडावर चढवून तिने मागे नाडी बांधली, पक्की गाठ मारून.

तेव्हा मला कळलं. त्या जत्रेत ती भ्यालीच नव्हती, बाबांना हाक मारत होती. तिच्या लेखी बाबा त्या मुखवट्यात गेले ते अजून बाहेर आले नव्हते. मला भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू! इतकी वर्षं ताट वाढतोय, न्हाऊ घालतोय तो मी, आणि ही वाट बघतेय दुसऱ्याचीच.

विष्णूने गदा खाली ठेवली. ताई माझा हात धरून बाहेर निघाली आणि मी तसाच मुखवट्यानिशी रिक्षात बसलो. घरी बायको दचकून भिंतीला टेकली. मी तिला हातानेच गप्प केलं.

पानं वाढली. मी रिकाम्या जागेवर बसलो. ताईने ठोकलं नाही, दाराकडेही बघितलं नाही. सरळ भात कालवून जेवायला लागली. जेवताना ती हसत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

माझं ताट तसंच होतं. मुखवट्यातून जेवणार कसा? थोडा वेळ थांबलो. मग नाडी सोडली.

ताईचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग माझ्या मांडीशेजारी लादीवर तीनदा ठोकलं.