खिडकीचे गज चुलीत

आमच्या घरातली चूल फुटली, कारण ती मी दुरुस्त केली होती.

तेव्हा मी बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. गॅसचं सिलिंडर परभणीला कुणाकडं गेलो तर बघायला मिळायचं. आमच्याकडं दोन तोंडांची विटांची चूल होती. राख खाली पडावी आणि वारा वर यावा म्हणून आत ओतीव बिडाची जाळी, आणि जाळ मागच्या तोंडाकडं वळावा म्हणून एक पत्रा. पण पाच वर्षं पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) भडका सोसून जाळी म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखी खचली होती, आणि पत्र्याची पार चाळण झाली होती.

हे कळलं कधी? डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी!

धाकटी बहीण कुसुम सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिचं पहिलं बाळंतपण आपल्याच घरी व्हावं, ही आईची जिवापाड इच्छा. पण कुसुमच्या सासूबाईंनी सोनपेठहून निरोप धाडला होता, "मास्तराच्या घरी सोय काय हाय ते मी डोळ्यानं बघते. मग ठरवू." म्हणजे उद्या विहीणबाई जेवायला नव्हे, तपासणीला येणार होत्या. काही बिघडलं की कुसुम त्यांच्याबरोबर परत!

मी जाळी उपसून लोहाराकडं नेली.

"मास्तर, बीड जळालंय. ठोकू नका, फुटंल," तो म्हणाला. "नवी करून देतो, पर परवा. उद्या बाजार हाय."

परवापर्यंत थांबायला मी काय अडाणी होतो? घरी येऊन जाळी ठोकली. तिचे तीन तुकडे झाले.

आई कपाळाला हात लावून बसली. "आरं, आता पुरण काय तुझ्या डोक्यावर शिजवू?"

"आई, लोखंड घरातच हाय!" असं म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीचे सहा गज उपटले.

बायको, मंदा, दारातून बघत होती. "अहो, गज लांब हायत. विटा रेटायलेत बघा. जरा कापून आणा की."

"सुतभर फट राहता कामा नये," मी ठणकावलं. "घट्ट बसलं की हलत नाही." आणि हातोड्यानं एकेक गज दोन्ही बाजूंच्या विटांत ठोकून बसवला. जळक्या पत्र्याच्या जागी रॉकेलच्या डब्याचा पत्रा लावला. वरून शेणमातीचा लेप दिला. चूल अशी दिसायला लागली की, तिच्यावर स्वयंपाक करण्यापेक्षा तिला हळद-कुंकू वाहावं! (मंदानं खरंच वाहिलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, हे मला फार नंतर कळलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली. वर भलं मोठं पातेलं, त्यात चाळीस बायकांची हरभऱ्याची डाळ. आई वेलदोडे कुटत होती, मंदा कणीक तिंबत होती, आणि कुसुम चुलीच्या डाव्या अंगाला पाटावर बसून गूळ चिरत होती. मी उगीचच येरझाऱ्या घालत होतो.

"टच्च!"

"काय वाजलं?" आईनं विचारलं.

"लाकूड ओलं असंल," मी म्हणालो.

"टच्च! टच्च!"

डाव्या भिंतीवर केसाएवढी भेग दिसली. बघता बघता तिच्यात बोट मावेल, एवढी झाली. आत गज लालबुंद झाले होते आणि दोन्हीकडच्या विटांना रेटा देत होते. पातेलं डगमगलं. एक वीट निसटली. पातेलं कललं, आणि कललं ते कुसुमच्या बाजूला!

मी झेप घेतली, पाटाची कड धरली आणि कुसुमला पाटासकट फराफरा ओढत मागच्या दारापर्यंत नेलं. त्याच क्षणी भिंत कोसळली, आणि उकळती डाळ कुसुम बसली होती नेमकी तिथं सांडली.

आणि बिनगजाच्या खिडकीतून आवाज आला, "मास्तर! माझ्या सुनंला कुठं ओढून न्यायलाव?"

विहीणबाई! एस्टी त्याच दिवशी वेळेवर यायची होती!

कुसुम धापा टाकत होती, हातात गुळाचा खडा तसाच. आधी तिनं पोटावर हात फिरवला, मग माझ्याकडं बघितलं. "दादा, तापल्यावर लोखंड पसरतं, हे सातवीला तूच शिकवतोस ना?"

विहीणबाई आत आल्या. वाफाळत्या डाळीकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, कुसुमचे पाय निरखून बघितले. आईला रडूच फुटलं.

"इहीनबाई, आमची सोय बघायला आलाव, आन् हे असं..."

"रडू नका. पोरगी धड हाय ना? मग झालं." त्यांनी पदर खोचला. "तीन दगड आणा. रवा हाय का घरात? मग गुळाचा सांजा करू. बाया काय पुरण मोजायला येतेत व्हय?"

दुपारी अंगणात तीन दगडांवर सांजा शिजला. बायका ओटी भरून, गाणी म्हणून, पोटभर जेवून गेल्या. मी मात्र विहीणबाईंच्या नजरेसमोर यायचं टाळत होतो. निघताना त्यांनीच हाक मारली. मी जाऊन खाली मान घालून उभा राहिलो.

"मास्तर, सोय न्हाई तुमच्याकडं. पर पोरीला ओढून काढणारा भाऊ हाय. बाळंतपण हितंच होऊ द्या." आईचा चेहरा असा फुलला म्हणता! मग त्या आईकडं वळल्या. "फकस्त एक. बाळाला सव्वा महिना हुईस्तोवर ह्यांना सैपाकघरात पाय ठिवू देऊ नका."

ती अट आईनं आणि मंदानं इतकी मनावर घेतली की, बाळ बाराव्या दिवशी पाळण्यात गेलं, सव्वा महिना उलटला, पुढं भाचा रांगायला लागला, तरी मी आपला उंबऱ्याबाहेरच; मी आत डोकावायच्या आधी चहाच बाहेर यायचा. आणि खरं सांगतो, इतका गरम आणि इतका वेळेवर चहा मला आयुष्यात आधी कधीच मिळाला नव्हता!