एकतिसावं डोकं

हजेरीबाईंनी बावीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. मग लढाई आली, शाळेच्या छपराला भोक पडलं आणि हजर राहायला कुणी उरलं नाही. तेव्हा शांतिसेनेच्या कचेरीनं त्यांना नोकरी दिली : मधल्या पट्टीतून जाणाऱ्या बसची यादी करायची. पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त कालवा करतात, एवढा एकच फरक बाईंना जाणवला.

पट्टी म्हणजे दोन फाटकांमधला तीन किलोमीटरचा रस्ता. अलीकडे एक सैन्य, पलीकडे दुसरं. रस्ता कुणाचाच नव्हता, त्यामुळे खड्डेही कुणी बुजवत नसे. आठवड्यातून दोनदा बस निघे. पुढे शांतिसेनेची एक चिलखती गाडी, मागे एक. नियम एकच. जितकी डोकी इकडून निघतील, तितकीच तिकडे पोचली पाहिजेत. बाई येण्यापूर्वी एकदा दोन माणसं वाटेत उतरवून नेली होती, ती परत आली नाहीत. त्यामुळे डोकी मोजताना बाई विनोद करत नसत. आकडा चुकला की बस कायमची बंद, हे दोन्ही सैन्यांनी एकमतानं ठरवलेली एकमेव गोष्ट होती. दोन वर्षांत बाईंचा आकडा चुकला नव्हता.

त्या मंगळवारी यादीत एकतीस डोकी होती. शेवटचं बाईंचं स्वतःचं. सातव्या क्रमांकावर शिंप्याची दिवस भरलेली सून. ती पलीकडच्या इस्पितळात निघाली होती, कारण अलीकडचं इस्पितळ शाळेच्याच वाटेनं गेलं होतं.

"ड्रायव्हरदादा, जरा हळू!" बाई ओरडल्या.

"खड्डे काय मी घरून आणलेत, बाई?"

तिसऱ्या खड्ड्याला सुनेला कळा सुरू झाल्या, अकराव्याला बाळ आलं. बाळंतपण केलं क्रमांक एकोणीसनं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं.

"माणसाची पहिलीच केस," तो घाम पुसत म्हणाला. "पण गाईपेक्षा सोपं. लाथ नाही बसली."

"बसेल," सून म्हणाली. "जरा दम खाऊ द्या."

अख्खी बस खदखदून हसली. डॉक्टर मात्र बाईंच्या कानाशी लागला. "टाके घालायला हवेत, आणि लगेच. माझ्या बॅगेत सुई आहे, पण ती म्हशीची."

"नको!" सुनेचे कान तिखट होते.

पलीकडचं फाटक दोनला बंद होई आणि थेट पाचला, परतीच्या बससाठी उघडे. बस पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. फाटकावरच्या हवालदारानं डोकी मोजली. पुन्हा मोजली.

"बत्तीस."

"एक आत्ताच जन्मलंय, हवालदारसाहेब."

"कुठं?"

"पट्टीत."

"म्हणजे तिकडून निघालं नाही."

"नाही."

"मग इकडे पोचेल कसं?"

या युक्तिवादात कुठेही चूक नव्हती, हीच अडचण होती. मागच्या गाडीतल्या शांतिसेनेच्या कॅप्टननं मुख्यालयाला वायरलेस लावला. मुख्यालयानं जादा प्रवाशाचं ओळखपत्र मागितलं.

"अहो, निदान नावं तरी बघा यादीतली," बाई हवालदाराला म्हणाल्या.

"नावं घेऊन काय करू? मला डोक्यांचा हुकूम आहे. एकतीस दाखवा, आत्ता फाटक उघडतो." मग आवाज उतरवून, "माझ्याही घरी तीन आहेत हो, बाई."

दोनला सात मिनिटं होती. बाईंनी पेन काढलं, स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि खाली लिहिलं. नाव : अजून नाही. वय : पंचवीस मिनिटं. कुठून : इथूनच. प्रवासाचं कारण : जन्म. मग त्या खाली उतरल्या.

"मोजा."

हवालदारानं मोजलं. एकतीस. फाटक इतक्या झटक्यात वर गेलं की त्याची टोपी उडाली.

बस आत गेली आणि कॅप्टनचं धाबं दणाणलं. "बाई, तुम्हाला इथं राहता येणार नाही! नागरिकाला पट्टीत एकटं सोडायचं नाही, लेखी आदेश आहे."

"मग नका सोडू."

लेखी आदेशापुढे कॅप्टनचंही काही चालेना. मागची चिलखती गाडी, तिच्यावरची मशीनगन, चार जवान आणि खुद्द कॅप्टन असा सारा लवाजमा एका माजी मास्तरणीभोवती कडं करून उभा राहिला. जवानांनी घडीची खुर्ची दिली. हवालदारानं फाटकाच्या दांड्याखालून चहाचा पेला सरकवला.

"हे नियमात बसतं का?" कॅप्टननं विचारलं.

"चहाला डोकं कुठंय?" हवालदार म्हणाला. मग बाईंकडे वळून, "बरं, मुलगा की मुलगी?"

बाई चपापल्या. तो रकाना कोराच राहिला होता. बावीस अधिक दोन वर्षांच्या सेवेत असं कधी घडलं नव्हतं. जवानांत लगेच दोन तट पडले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्या रस्त्यावर दोन्ही तट हसत भांडले.

पाचला फाटक उघडलं. पट्टीत हॉर्नला बंदी होती. ड्रायव्हरदादानं तो दाबला तो सोडलाच नाही. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला, "मुलगी! टाके पडले! आई ठणठणीत आहे, इस्पितळाचा डाळभात बेचव म्हणून भांडतेय!"

बाईंना हसू फुटलं. चष्मा निसटला, खुर्ची कलंडली, तरी थांबेना. तेवढ्यात मुख्यालयानं उभ्या गाडीची स्थिती विचारली. कॅप्टन सावधान उभा राहिला.

"नागरिक एक," त्यानं कळवलं. "सुरक्षित. हसत आहे. कारण लेखी कळवतो, ओव्हर."