हनीफनं लिहिलेले माझे निबंध

शेवटचा तास आटोपून मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. दारातून हाक आली, "मिलिंदभाई..." आवाज हनीफचा. मी खुर्ची मागं सरकवत म्हटलं, "अरे ये ये. येवल्याहून कधी निघालास? कळवायचं तरी." मग तोच आवाज चाचरत म्हणाला, "भाई, मी सलीम. हनीफचा धाकटा भाऊ. हनीफभाई परवा गेले... कावीळ झाली होती." दोघांचे आवाज इतके सारखे आहेत हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? डोळे असलेल्यांना माणूस ओळखायला आवाजाची गरज पडत नाही. हनीफ मला कधी भाई म्हणत नसे, मिल्या म्हणायचा. तेवढंही त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. या गोष्टीला आता महिना उलटून गेला.

लहानपणीच देवी आल्या आणि माझे दोन्ही डोळे गेले. वडील नाशिक रोडला कामगार, घरात शिकलेलं कुणी नाही, तरी त्यांनी हट्टानं मला शिकवलं. ब्रेल मला येत होतं, पण कॉलेजात ब्रेलमधला निबंध तपासणार कोण? आणि निबंध तर सारखे असायचे. हुंडाबंदीचा कायदा, जातिसंस्था, सक्तीचं शिक्षण, विज्ञान शाप की वरदान... प्राध्यापकांना जे जे सुचेल ते. मी तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, असा मामला. पहिल्या वर्षी एक शेजारी लिहून द्यायचा. तो मी बोललेलं अर्धंच लिहितो आणि जांभया देतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पुढच्या वर्षी हनीफ कॉलेजात आला. येवल्याच्या विणकराचा मुलगा, नाशिकला मामाकडे राहून शिकणारा. लायब्ररीत मी कुणाशी तरी वाद घालत होतो, हा मधेच पडला आणि म्हणाला, "तुझं म्हणणं साफ चुकीचं आहे, पण बोलतोस झकास. आण, मी लिहून देतो."

तिथून पुढं आमची बैठक त्याच्या मामाच्या माडीवर. मी एक वाक्य सांगायचो, बॉलपेन कागदावर करकरायचं, आणि ते थांबलं की तो विचारायचा, "पुढं?" बस, एवढंच. पण ते 'पुढं' नुसतं 'पुढं' नसायचं. वाक्य आवडलं असेल तर लगेच यायचं, नसेल तर लांबून, कंटाळल्यासारखं. आणि अगदीच पटलं नाही तर पेन खाली आपटून म्हणायचा, "हे मी लिहिणार नाही. कायदा केला म्हणून हुंडा बंद झाला? माझ्या बहिणीच्या लग्नाला येऊन बघ." मग भांडण. मामी खालून ओरडायची, "अरे लेको, अभ्यास करता का मारामारी?" ग्रहणावर निबंध होता तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातून एक कांदा आणि एक लिंबू आणलं, माझ्या दोन हातांत दिलं आणि सावली कशी पडते ते माझ्याकडून फिरवून घेतलं. मी सावली पाहिलेली नाही. पण तो निबंध वर्गात वाचून दाखवला गेला.

परीक्षेत मात्र त्याला बोलायची बंदी. पर्यवेक्षक शेजारीच उभे. न पटणारं वाक्य आलं की हा पठ्ठ्या पेन इतकं दाबायचा की बाक हलायचा. मला हसू आवरायचं नाही.

या लेखनिकाच्या कामाला एक नियम होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा. हनीफ माझ्या एक वर्ष मागं, म्हणून चालून गेलं. पण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी मला विषमज्वर झाला. दवाखान्यात पडून राहिलो आणि परीक्षा हुकली. म्हणजे पुढच्या वर्षी हनीफ आणि मी एकाच वर्गात, आणि तो माझा लेखनिक होऊ शकणार नाही. हे मी तापात बडबडत होतो, असं आई सांगायची. हनीफनं ते ऐकलं. त्याची स्वतःची परीक्षा सुरू झाली, पहिले पेपर त्यानं दिले आणि शेवटच्या दोन पेपरांना तो गेलाच नाही. निकाल लागला तेव्हा मला कळलं. मी संतापलो, नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "ओरडू नको. एका वर्षानं काय आभाळ कोसळतं? तुझी परीक्षा होऊ दे, मग माझी देतो."

आभाळ कोसळलं नाही, पण त्याचे अब्बा येवल्याहून आले. त्यांनी मुलाला तीन वर्षं दिली होती, त्यातलं एक असं वाया गेलेलं बघून त्यांचं डोकं फिरलं. मामानं मिनतवारी केली म्हणून माझ्या परीक्षेपर्यंत त्यांनी हनीफला नाशिकला राहू दिलं. मी पहिल्या वर्गात पास झालो. तो येवल्याला जाऊन मागावर बसला, तो बसलाच. नंतर मी कायद्याची परीक्षा दिली, एम.ए. केलं, शिकवायला लागलो. लेखनिक मिळत गेले, सगळे चांगले, सगळे मुके. हनीफ बी.ए. झाला नाही.

मला त्याचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण येतो त्याला काय करू? मी त्याला हे मागितलं नव्हतं. आणि नको म्हणायला त्यानं मला जागाही ठेवली नाही.

वर्षातून एक-दोनदा मी एस.टी.नं येवल्याला जायचो. तो माझी बोटं मागावरच्या पैठणीच्या काठावरून फिरवायचा आणि सांगायचा, हा मोर, ही वेल. मग माग थांबवून म्हणायचा, "हल्ली काय शिकवतोस ते सांग." मी सांगायला लागलो की लगेच, "पुढं?" आणि वादही तसाच, जुना. मागच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा त्याचा आवाज बसलेला वाटला. विचारलं, तर म्हणाला थंडी आहे. स्टँडवर मला गाडीत बसवून, कंडक्टरला दोनदा बजावून, तो खिडकीखाली उभा राहिला. गाडी हलेपर्यंत बोलत होता. तीच शेवटची भेट.

हा लेख मी सांगतो आहे आणि माझी बायको सुमन लिहून घेते आहे. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. लेख सुरू करण्याआधी मी तिच्याकडून ट्रंकेतले ते जुने निबंध काढून घेतले. हनीफचं अक्षर मला कधीच दिसलं नाही, पण तो दाबून लिहायचा, त्यामुळं पानाच्या मागच्या बाजूला ओळी हाताला लागतात. आवडलेल्या ओळी हलक्या, न पटलेल्या खोल. 'शिक्षण आणि स्वावलंबन' या निबंधाच्या तिसऱ्या पानाला एका ठिकाणी चक्क भोक आहे. बाजूला सरांचा शेरा आहे, पान फाटले आहे, नीटनेटकेपणा हवा. सुमननं मला ते वाक्य वाचून दाखवलं. 'शिकलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या आधाराची गरज उरत नाही.' मला ती संध्याकाळ आठवली. मी मोठ्या तोऱ्यात ते वाक्य सांगितलं होतं. पेन थांबलं होतं, कागद टर्रकन फाटल्याचा आवाज आला होता, आणि मी वाट बघत होतो की हा आता भांडणार. तो भांडला नाही. बराच वेळ गेला आणि मग हळूच म्हणाला, "पुढं?"

माझं बोट आत्ता त्या भोकावर आहे... मी मघापासून गप्प आहे, म्हणून सुमन विचारते आहे, "झालं का?" हनीफनं मला हे कधीच विचारलं नव्हतं.