ओटी माझी, फेटा नवऱ्याला

स्टेजवर माझ्या नवऱ्याला कोल्हापुरी फेटा बांधत होते आणि खाली बायकांच्या रांगेत माझी ओटी भरत होते. कार्यक्रम माजी सैनिकांच्या सत्काराचा होता. सैन्यात उमेदीची सगळी वर्षं काढली ती मी. नवऱ्याने काढली शाळेत, भूगोल शिकवण्यात.

मी राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिंटेंडेंट आहे, म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सेसची प्रमुख. त्याआधी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. सत्कार आमच्याच हॉस्पिटलने ठेवला होता. निवेदकाने "लेफ्टनंट कर्नल कदम" असं पुकारलं, कार्यकर्त्यांनी नवऱ्याच्या मिशा बघितल्या आणि दंडाला धरून त्याला वर नेलं.

"अहो, मी नव्हे, ती!" तो सांगत होता.

"लाजताय काय सायेब, चला की!"

एरवी मी हसले असते. पण मागच्या रांगेत निवृत्त हवालदार बाबूराव बसले होते. त्यांची मुलगी स्नेहल माझ्या हाताखाली स्टाफ नर्स होती. बीएस्सी नर्सिंग झालेली, हुशार. मिलिटरी नर्सिंगमध्ये तिची निवड झाली होती. दोन दिवसांनी निघायचं होतं आणि बाप अडून बसला होता. "सिस्टरच व्हायचं, तर हितं काय वाईट हाय?" मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. म्हटलं, या आणि नर्सिंग अधिकाऱ्याला काय मान असतो तो बघा. आणि मान तर हा असा चालला होता.

लोकांना वाटतं, सैन्यातली नर्स म्हणजे दवाखान्यातलीच, फक्त गणवेश वेगळा. गोऱ्या सोल्जरांची शुश्रूषा करायला विलायतेहून काही नर्सेस मुंबईला आल्या, तिथून ही सेवा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्यातल्या नर्सेसना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आमच्याही खांद्यावर तेच स्टार. स्नेहलसारखी मुलगी पहिल्याच दिवशी लेफ्टनंट होते, दोन स्टार. मग कॅप्टन, मेजर, मग माझा हुद्दा लेफ्टनंट कर्नल, पुढे थेट मेजर जनरलपर्यंत. हवालदार या सगळ्यांच्या खाली. तरी बहुतेक ठिकाणी जवान आम्हाला सॅल्यूट करत नसत. "सिस्टर" म्हणायचे आणि पुढे जायचे. कुणी त्यांना अडवतही नसे.

मी ओटी खुर्चीवर ठेवली आणि आमच्या डायरेक्टर डॉक्टरांना गाठलं.

"सर, स्टेजवर चुकीचा माणूस बसलाय."

"हो, लक्षात आलं माझ्या. पण फेटा बांधून झालाय, मॅडम. आता राहू द्या. कार्यक्रमात तमाशा नको."

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"तुम्ही घरच्याच. समजून घ्याल."

माझं डोकं फिरलं. मी सरळ स्टेजवर चढले. नवरा ताडकन उठला. मला वाटतं, तिथे सर्वांत जास्त सुटल्यासारखं त्यालाच झालं. मी माइक घेऊन सांगितलं, "लेफ्टनंट कर्नल कदम मी आहे. हे माझे यजमान."

शेजारी प्रमुख पाहुणे होते, एक निवृत्त मेजर. माझ्याहून एक पायरी खाली. लेफ्टनंट कर्नल ऐकताच ते शिस्तीत उभे राहिले. "मॅडम, कुठल्या रेजिमेंटच्या?"

"मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस."

"अच्छा, सिस्टर!" म्हणाले आणि खाली बसले.

कार्यकर्त्यांना काही ठाऊक नव्हतं. या माणसाला सगळं ठाऊक होतं. अंगाची नुसती आग झाली. माइक हातातच होता, तो चालू होता याचं भान राहिलं नाही.

"मेजरसाहेब, लेफ्टनंट कर्नल ऐकून तुम्ही उठलात. मी अजून लेफ्टनंट कर्नलच आहे."

सगळ्या हॉलने ते ऐकलं. मेजर पुन्हा उठले. त्यांचे कान लाल झाले होते. मी बसले, मग ते बसले.

कार्यक्रम संपल्यावर बाबूराव दाराशी उभेच होते.

"बघितलं की मी सगळं. म्हणूनच न्हाय म्हणतोय. पोरीला असं भांडून खुर्ची घ्यायला धाडू व्हय?"

"बाबूराव, नोकरीत किती सिस्टरांना सॅल्यूट केलात?"



"एकीलाबी न्हाय." मग पायाकडे बघत म्हणाले, "ह्यो पाय कापायचा म्हणत हुते. एका सिस्टरनं रातध्याड बसून वाचवला. कॅप्टन हुती ती. तिलाबी न्हाय."

"मग त्याची शिक्षा स्नेहलला का?"

त्यांनी डोळे पुसले, चप्पल घातली आणि गेले. पण ठरल्या दिवशी स्नेहलची बॅग उचलून स्टेशनवर तेच आले होते.

कार्यक्रमानंतर डायरेक्टर मला म्हणाले होते, "मॅडम, पाहुण्यांचा असा अपमान करायला नको होता." मी म्हटलं, "माझा होताना तुम्ही समोरच होतात."

स्नेहल आता उत्तरेत एका मिलिटरी हॉस्पिटलात लेफ्टनंट आहे. ज्याला माहीत नसतं त्याला सांगितलं की पुरतं. ज्याला माहीत असून तो बसून राहतो, त्याला उठवावं लागतं. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "मॅडम, आज एका हवालदाराला थांबवलं. त्याने सॅल्यूट केला. हात थरथरत होते."

"त्याचे?"

"नाही, माझे. तो बाबांच्या वयाचा होता."